एक मेला कुणाचंच नाव नसतं

"खोडा ते," हेर्मीना म्हणाली.

ओतिलियाचं पेन होतं तिथेच थांबलं. "काय खोडू?"

"शेवटचं नाव. मी सांगितलेलं नाही ते."

शेवटचं नाव होतं ब्लाझेय कुरुत्स. शाई अजून वाळली नव्हती.

शेगडीवर कोबीच्या सूपचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. खिडकीच्या काचा आतून घामेजल्या होत्या. हेर्मीनाच्या भावाला, विलोला, दुपारी दोन वाजता पुरायचं होतं आणि बारापर्यंत निरोपाचा कागद मास्तरांच्या हातात पडायला हवा होता. होर्ने यासेनो गावात माणूस गेला की चर्चचे गायकमास्तर शवपेटीपाशी उभे राहतात आणि मेलेल्याच्या तोंडून निरोप घेतात. माझ्या लाडक्या बहिणी, तुझा निरोप घेतो. माझ्या भाच्यांनो, तुमचा निरोप घेतो. एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव त्या कागदावर असतं तो मेलेल्याचा. ज्याचं नसतं तो नुसताच आलेला.

कागद लिहायला हेर्मीनानंच ओतिलियाला बसवलं होतं. ओतिलिया ऐन उमेदीची नऊ वर्षं ब्रातिस्लावात जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत होती. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि मास्तरांची नजर आता अधू झाली होती.

"हेर्मीनाबाई, एकोणतीस वर्षं एका घरात राहिले दोघं."

"मी माझ्या नवऱ्याबरोबर एकेचाळीस वर्षं राहतेय. सांगत फिरते का गावभर?"

"तुम्हाला सांगावं लागत नाही. तुमच्या लग्नात अख्खं गाव जेवून गेलंय."

हेर्मीनानं पातेल्यात पळी फिरवली, नको इतक्या जोरानं. "सहकाऱ्यांचा निरोप घेतो, असं लिहा. त्यात आला की तो. तुम्हीपण आलात."

"आणि कसले सहकारी, असं कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय! सगळ्यांना ठाऊकच आहे की..." बोलता बोलता हेर्मीनानं ओठ मिटून घेतले.

ठाऊक सगळ्यांनाच होतं. विलो लेश्को सिनेमे काढतो, ते परदेशात विकतो, आणि त्यांत बायका नसतात, हे होर्ने यासेनोमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एका वर्षी राजधानीच्या वर्तमानपत्रानं विलोचा फोटो छापला, तेव्हा तो अंक गावातल्या दुकानात सकाळी दहाच्या आत संपला, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकानंही तो वाचलेला नव्हता.

बाहेर खांबावरचा भोंगा खरखरला. आधी पितळी वाद्यांची एक धून वाजली, मग ग्रामपंचायतीतल्या बाईंचा आवाज आला. आज तीन फेब्रुवारी. आपला नामदिन साजरा करणाऱ्या सर्व ब्लाझेयना पंचायतीतर्फे हार्दिक शुभेच्छा. आज दुपारी दोन वाजता विलियाम लेश्को यांचा अंत्यविधी. ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.

दोघींचीही नजर एकदमच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतं तसंच कॅलेंडर होतं, रोजच्या तारखेपुढे एक नाव. त्या दिवशी त्या नावाचा माणूस कामावर केक घेऊन जातो आणि बाकीचे त्याच्या पाठीवर थापा मारतात. तीनपुढे छापलं होतं, ब्लाझेय.

"बघा," ओतिलिया म्हणाली. "तिथलंही खोडता का?"

हेर्मीनानं अ‍ॅप्रनला हात पुसले. ती वाईट बाई नव्हती, आणि तेच अवघड होतं. दर नाताळात तिनं त्या माणसाला ताट वाढलं होतं, मोजे विणून दिले होते. विलोनं पहिल्या वर्षी 'हा माझा ड्रायव्हर' म्हणून ओळख करून दिली, आणि एकोणतीस नाताळ तो ड्रायव्हर म्हणूनच जेवला.

"असं करा," ती आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही लोक त्याला स्वियातोक म्हणता ना? तेच लिहा. त्याला कळेल, गावाला कळणार नाही. झालं?"

"नाही," ओतिलिया म्हणाली. "ते तर मुळीच नाही."

हेर्मीनानं तो कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला, नातवाच्या वहीचं एक पान फाडलं आणि उभ्याउभ्याच, ओट्यावर, वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतः लिहायला लागली.

* * *

स्वियातोक म्हणजे सण. सुटीचा दिवस. ते नाव ओतिलियाच्या हातून पडलं होतं.

नोंदणी कचेरीतली माणसं कमी केली त्या वर्षी ती एकतीस वर्षांची होती, नवरा सोडून गेला होता आणि झोरा नुकती चालायला लागली होती. विलोनं जाहिरात दिली होती, 'कागदपत्रं तपासणारी अनुभवी व्यक्ती हवी.' शहराबाहेर सोडावॉटरच्या बंद पडलेल्या कारखान्यात त्याचा स्टुडिओ होता. कुंपणाला ओर्गोवानची जांभळी झुडपं होती, म्हणून स्टुडिओचं नावही ओर्गोवान. आधीच्या राजवटीत विलो शेतकी खात्यासाठी माहितीपट काढायचा. "वीस वर्षं मी बीटरूटचे क्लोजअप घेतले बाई," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "बीटरूट हसत नाही. आता जरा हसणारं काहीतरी काढावं म्हणतो."

काय काढायचंय ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. ओतिलिया घरी गेली, रात्रभर छताकडे बघत पडली आणि सकाळी परत येऊन म्हणाली, "माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. ओळखपत्र मी स्वतः बघणार. आणि एकवीस पूर्ण झालेलं असलं पाहिजे."

"कायदा अठरा म्हणतो."

"कायद्याला पोर नाही. मला आहे."

विलोनं मान्य केलं. त्या दिवसापासून तेवीस वर्षं ती दाराशी बसली. ओळखपत्र खिडकीच्या उजेडात धरायची, फोटो खरवडलाय का ते नखानं बघायची. दर महिन्याला रक्ताचे रिपोर्ट मागायची आणि एखाद्याचा रिपोर्ट आला नसेल तर कॅमेरा, दिवे, जर्मन पाहुणे, सगळ्यांना ताटकळत ठेवायची. पोरं तिला मामलेदारीणबाई म्हणत. ती त्यांना डाळीचं सूप करून घाली, कारण उपाशीपोटी आलेला माणूस नाही म्हणायचं तिथे हो म्हणतो, हे तिनं पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं.

झोराला शाळेत घातलं तेव्हा तिची झोप उडाली. फाटकाशी दोन आया बोलायच्या थांबल्या की हिला वाटायचं, कळलं. झोराला वाढदिवसाला बोलावलं नाही की वाटायचं, कळलं. एकदा पोरीनं विचारलं, "आई, तू कामावर काय करतेस? बाईंनी लिहून आणायला सांगितलंय." ओतिलिया भांडी घासत होती. ती म्हणाली, "लिही, माणसांना नावं देते."

ते खोटं नव्हतं. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी धाटणीची नावं हवी होती. विलो अडून बसला. आमच्या माणसांना आमची नावं, नाही तर माल नका घेऊ. पण खरी नावं तर देता येत नव्हती, पोरांना आयाबाप होते. मग त्यानं तोडगा काढला. जो ज्या दिवशी पहिल्यांदा येईल त्याला कॅलेंडरमधलं त्या दिवसाचं नाव. मेच्या पंचवीसला आला तो उर्बान. जुलैच्या पाचला आला तो मेतोद. आणि त्या त्या नामदिनाला ओतिलिया स्टुडिओत केक करी.

ब्लाझेय ट्रामच्या कारशेडमध्ये इलेक्ट्रिशियन होता. चोवीस वर्षांचा, कानापर्यंत लाल होणारा. त्याला रजा मिळत नसे, म्हणून तो सुटीच्या दिवशी आला, एक मेला. ओतिलियाच्या मांडीवर झोरा तापानं फणफणत होती, पाळणाघर बंद होतं. तिनं एका हातानं ओळखपत्र तपासलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि नावाच्या रकान्यात त्या तारखेपुढे जे छापलं होतं ते उतरवून मोकळी झाली.

एक मेला कुणाचंच नाव नसतं. तिथे छापलेलं असतं, 'स्वियातोक प्रात्से'. कामगार दिन.

नोंदणीत नऊ वर्षं तिच्या हातून एक काना चुकला नव्हता. ही चूक लक्षात आली तोवर कॅसेटची दोन हजार वेष्टणं छापून झाली होती. हॉलंडहून पत्र आलं, हे मिस्टर स्वियातोक प्रात्से फारच देखणे आहेत, यांचे आणखी किती सिनेमे आहेत? विलो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मग तो त्या लाल झालेल्या माणसाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरोबरच आहे की. सणच आलाय माझ्याकडे."

ब्लाझेयनं दोनच सिनेमे केले. मग तो दिवे लावायला लागला, मग विलोच्या घरी राहायला लागला. आणि पुढे सगळ्यांसाठी तो स्वियातोकच राहिला. त्याचा नामदिन एक मेला, त्याचा केक एक मेला. तीन फेब्रुवारीला कुणी त्याच्या पाठीवर कधी थाप मारली नाही. ओतिलियानंसुद्धा नाही.

* * *

ब्लाझेय अंगणातल्या बाकावर बसला होता. मांडीवर काळी टोपी, हातांत हेर्मीनानं विणलेले हातमोजे. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पण बसला होता दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा.

"भांडलीस?" त्यानं विचारलं.

"थोडंसं."

"ओत्का, सोड. एकोणतीस वर्षं बाहेर बसलोय, आणखी अर्धा तास बसेन. मला त्याचं काही नाही."

"मला आहे."

"तो काही कधी बोलला नाही. मीही नाही बोललो. त्याला गावात तोंड दाखवायचं होतं. आई होती तोवर आई होती, मग ताई."

"बोलला नाही, तीच तर त्याची खोड," ओतिलिया म्हणाली. "हॅम्बुर्गच्या स्टेजवर उभं राहून जगाला सांगत होता, आम्ही लपत नाही म्हणून. टाळ्या पडल्या. आणि इथे येऊन तुला गाडी पुसायला लावली."

"गाडी खरंच घाण झाली होती," ब्लाझेय म्हणाला. हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यानं तो टोपीत लपवला.

ती शेजारी बसली. सकाळच्या प्रार्थनेला हेर्मीना तिला घेऊन गेली होती. तीन फेब्रुवारीला त्यांच्याकडे धर्मगुरू गळ्याला आशीर्वाद देतात. दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याशी धरतात, वर्षभर घसा धरू नये म्हणून. थंड मेण अजूनही हनुवटीखाली असल्यासारखं तिला वाटत होतं.

"शुभेच्छा," ती म्हणाली.

"कसल्या?"

"नामदिनाच्या. तुझ्या."

त्यानं टोपी खाली घेतली. "आज तीन तारीख?" मग टोपीची कड चाचपत म्हणाला, "माझी आई केक करायची. खसखशीचा."

ओतिलिया उठली आणि दफनभूमीच्या रस्त्याला लागली.

* * *

दफनभूमीच्या तोंडाशी शोकगृह होतं, एकच लांबट खोली. मास्तर मायक्रोफोनशी झटापट करत होते. ऐंशीचे, काळा कोट, गळ्याशी लोकरी मफलर. हेर्मीनाच्या वहीचं पान त्यांच्या पुस्तकात खोचलेलं होतं.

"नुसता घोंघावतोय मेला," ते म्हणाले.

"मागचं दुसरं बटण खाली करा. पहिलं नाही, दुसरं."

घोंघावणं थांबलं. मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं माहीत."

"आमचाच आहे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा विलोनं गावाला दिला. तेवीस वर्षं हा आमच्याकडे होता. कपडे घातलेली माणसं त्यानं इथे आल्यावरच ऐकली."

मास्तरांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग मफलरमधून खों खों आवाज आला. ते हसत होते. "म्हणजे मी सात वर्षं याच्यातून..." ते डोळे पुसत म्हणाले. "सांगू नका कुणाला. धर्मगुरूंना तर नकोच."

"मास्तर, एक नाव घाला."

हसू थांबलं. त्यांनी पान काढून डोळ्यांपाशी नेलं. "कुरुत्स ना? आत्ताच येऊन बजावून गेली हेर्मीना, कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका म्हणून. बाई, साठ वर्षं मी घरचे देतील तेच वाचतो. एकदा स्वतःचं घातलं की पुढल्या वेळी दारूच्या दुकानातून चिठ्ठ्या येतील. मला त्या माणसाशी वैर नाही. पण कागद घरच्यांचा."

"घरचा कोण, हेच तर विचारतेय."

"ते मी ठरवत नाही."

ओतिलियानं मान हलवली. आयुष्यभर तिनंही हेच वाक्य खिडकीपलीकडच्या माणसांना ऐकवलं होतं. म्हातारा बरोबर होता, त्याच्या बाजूनं पाहिलं तर. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं वाचा. शेवटपर्यंत वाचा मात्र. शेवटचा भाग गाळू नका."

"आजपर्यंत गाळला नाही," मास्तर जरा फुशारूनच म्हणाले.

* * *

दोन वाजता शोकगृह भरलं. पुढच्या रांगेत हेर्मीना, तिचा नवरा, दोन मुलगे, सुना. मागे गाव. डाव्या भिंतीला लागून सहा पुरुष उभे होते, गावानं कधी न पाहिलेले. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, चांगले कोट घातलेले. उर्बान आता नळजोडणीची कामं करत होता. मेतोद रुग्णवाहिका चालवत होता. एका म्हातारीनं शेजारणीच्या कानात विचारलं, "हेच का ते?" आणि शेजारीण म्हणाली, "शी! हे तर आमच्या ह्यांच्यासारखे दिसतात."

ब्लाझेय सगळ्यात मागे, दाराला पाठ लावून उभा होता.

धर्मगुरूंची प्रार्थना झाली. मग मास्तर पुढे आले, चष्मा लावला, पान उलगडलं. त्यांचा आवाज ऐंशीव्या वर्षीही घंटेसारखा होता.

"माझ्या लाडक्या बहिणी हेर्मीना, तुझा निरोप घेतो. लहानपणी तू मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडलास." हेर्मीनाचा हुंदका फुटला. मेहुण्यांचा निरोप झाला. भाचे, सुना, नातवंडं, चुलतभाऊ, शेजारीपाजारी. फायर ब्रिगेडच्या मंडळाचा निरोप झाला. शेवटी, "माझ्या सहकाऱ्यांनो, तुमचा निरोप घेतो." पान संपलं. ओतिलियानं मागे वळून पाहिलं नाही. तिला मागे काय दिसेल ते माहीत होतं.

मास्तरांनी चष्मा काढला. शेवटचा भाग त्यांना पाठ होता.

"आणि जाताजाता तुम्हा सगळ्यांना विनवतो. माझ्या हातून कुणाला दुखावलं गेलं असेल, कुणाचं काही राहिलं असेल, तर मला माफ करा."

"माफ केलं," खोलीतली दीडदोनशे माणसं एका सुरात पुटपुटली. सवयीनं, जशी दर वेळी पुटपुटायची.

"मी नाही केलं," ओतिलिया उठून उभी राहत म्हणाली.

तिला वाटलं होतं त्याहून आवाज मोठा निघाला. पुढच्या रांगेतली डोकी वळली. कुणाची तरी काठी फरशीवर पडली.

"मी ओतिलिया शिम्को. तेवीस वर्षं याच्या दाराशी बसले. विलो भला माणूस होता, कुणाला फसवलं नाही, कुणावर जबरदस्ती केली नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण एका माणसाला त्यानं या गावात कधी नावानं हाक मारली नाही. आज आपल्या तोंडानं निरोप घेताना पुन्हा गाळलं. म्हणून मी माफ करत नाही."

"गप्प बसवा तिला," हेर्मीनाचा थोरला मुलगा म्हणाला.

"सकाळी तुमच्याच चर्चमध्ये गळ्याला आशीर्वाद घेतलाय," ओतिलिया म्हणाली. "आज नाही बसायचा हा गळा."

मास्तर हात हलवत म्हणाले, "बाई, असं करता येत नाही. माफी अडवून ठेवत नसतात. त्याला न्यायचंय."

"मग नेऊ नका. थांबा. मीही थांबलेय."

क्षणभर फक्त मायक्रोफोनची बारीक सूं सूं ऐकू येत होती. मग भिंतीपासून उर्बान म्हणाला, "मीपण नाही माफ केलं."

"मीही नाही," मेतोद म्हणाला. "माझी त्याच्यावर माया होती. तरी नाही."

मग तिसरा. मग चौथा. सहाच्या सहा, टोप्या हातात धरून, कोर्टात साक्ष दिल्यासारखे. धर्मगुरूंनी छताकडे पाहिलं. मागून ब्लाझेयचा आवाज आला, "अरे सोडा रे, कशाला," आणि तो कुणीच ऐकला नाही.

मास्तर पुढच्या रांगेकडे वळले. "हेर्मीना," ते म्हणाले. मायक्रोफोन चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "माफीशिवाय मी अजून कुणाला मातीत उतरवलेलं नाही. तू सांग."

हेर्मीना शवपेटीकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, जबडा घट्ट. ती हो म्हणाली नाही. ती नाहीही म्हणाली नाही. तिनं फक्त रुमाल तोंडाशी नेला आणि मान खाली घातली.

मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चष्मा पुन्हा लावला, जणू पानावर अजून काही लिहिलेलं होतं.

"ब्लाझेय कुरुत्स," ते वाचायला लागले आणि अडले. पुस्तकात प्रत्येक नात्याला शब्द छापलेला होता, बायकोला, नवऱ्याला, दिराला, मानलेल्या मुलीला. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग पुस्तक मिटलं. "ब्लाझेय, ज्याच्या घरी मी राहिलो आणि जो माझ्या घरी राहिला. तुझा निरोप घेतो. तुझं नाव शेवटी घेतलं, मला माफ कर."

दीडदोनशे माणसं मान वळवून दाराकडे बघत होती. ब्लाझेयनं दोनदा तोंड उघडलं.

"केलं," तो म्हणाला.

"आता मीही केलं," ओतिलिया म्हणाली आणि खाली बसली.

* * *

खड्ड्यापाशी बोचरा वारा होता. पेटी उतरली, माती पडली, आणि रीतीप्रमाणे घरची माणसं एका बाजूला रांगेत उभी राहिली. गाव एकेक करून त्यांच्या हातात हात देत पुढे सरकायला लागलं. हेर्मीना ओतिलियाच्या अंगावरून पलीकडे बघत होती. ती पुढे कधी बोलणार नव्हती, हे ओतिलियाला दिसत होतं. जेवायला थांबायचं नव्हतं, हेही.

ब्लाझेय खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला एकटाच उभा होता. तिकडे का उभा राहिला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गर्दीनं त्याच्यासमोर वाट मोकळी केली होती आणि ती तशीच राहिली होती.

ओतिलिया हेर्मीनाच्या रांगेत गेली नाही. ती मातीच्या ढिगाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "दुःखात सहभागी आहे, ब्लाझेय."

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा गावाहून त्याला कुणी कळवलंच नव्हतं. असा हात त्याच्यापुढे आजवर कुणी केला नव्हता, आणि तो कसा घ्यायचा हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं उजवा हातमोजा ओढून काढला आणि उघड्या हातानं तिचा हात धरला.

तिच्यामागे उर्बान होता, मग मेतोद, मग बाकीचे चौघे. त्यांच्यामागे कुणी नसेल असं ओतिलियाला वाटलं होतं. पण मास्तर आले, पुस्तक काखेत मारून. मग ती काठी पाडणारी म्हातारी, हेर्मीनाच्या रांगेतून सुटून, धापा टाकत. तिला नाव नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय नाव म्हणाला मास्तर?" तिनं हात धरूनच विचारलं.

"ब्लाझेय."

"अगंबाई. आज तर तुझाच दिवस की रे," म्हातारी म्हणाली, आणि तिच्यामागे आणखी तीनचारजण अडखळत, इकडेतिकडे बघत, येऊन उभे राहिले.

ती छोटीशी रांग संपायला फार वेळ लागला नाही. संपली तेव्हा गाव जेवणाकडे निघून गेलं होतं आणि वाऱ्यावर पुष्पचक्रांच्या फिती फडफडत होत्या. ओतिलिया फाटकाशी गाडीजवळ थांबली.

ब्लाझेय आला, दार उघडून स्टिअरिंगमागे बसला. डाव्या हातात मोजा होता. उजव्या हाताचा मोजा त्यानं खिशात घातला होता आणि तो काढला नाही. बोटं थंडीनं लाल झाली होती, तरी तो तशाच उघड्या हातानं गाडी चालवत राहिला, थेट शहर येईपर्यंत.